मार्कलिस्टची मागची बाजू

2008 च्या जूनमध्ये माझा टी.वाय.बी.कॉम.चा निकाल लागला. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिलीच. आण्णांनी मार्कलिस्ट हातात घेतली, सगळं इंग्रजीत असल्यामुळे आकडे तेवढे वाचले, आणि दुसऱ्याच दिवशी नेवाशाला जाऊन तिला फ्रेम करून आणली. पुढे काच, मागे प्लाय, चारी बाजूंनी बारीक चुका ठोकलेल्या. ओसरीत विठ्ठलाच्या फोटोशेजारी ती लटकली ती चौदा वर्षं.

मी ती काढून कधी बघितली नाही, कारण गरजच पडली नाही. फ्रेमआधी दहा झेरॉक्स मारून ठेवल्या होत्या. अर्थातच फक्त पुढच्या बाजूच्या. मागच्या बाजूची झेरॉक्स कोण काढतं? त्याच झेरॉक्सवर नोव्हेंबरात लग्न जमलं, त्याच झेरॉक्सवर पुढच्या वर्षी संगमनेरच्या एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागले. कॅशवर बसले, कर्ज विभाग बघितला, कोअर बँकिंग आलं तेव्हा जुनी खाती चढवायला रात्री नऊ-नऊपर्यंत थांबले. कुणी विचारलं तर "बी.कॉम. आहे" म्हणायचे, आणि ते मला खरंच वाटायचं.

2022 साली आमच्या शाखाधिकाऱ्यांची निवृत्ती आली. माझं नाव पुढे गेलं. सचिवांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "मॅडम, मार्कलिस्ट आहे. पदवी प्रमाणपत्र कुठंय?"

मी म्हटलं, "तेच आहे ना ते."

"ते नाही. कॉन्व्होकेशनचं. विद्यापीठाचं."

माझ्यासारखे अजून बरेच जण असतील म्हणून सांगते. मार्कलिस्ट म्हणजे तुम्ही परीक्षेत किती मिळवलेत त्याचा कागद. पदवी विद्यापीठ पदवीप्रदान समारंभात देतं, आणि ती आपण अर्ज केल्याशिवाय घरी येत नाही. जाऊन घ्या किंवा पोस्टाने मागवा, पण अर्ज आणि फी भरावीच लागते. मला वाटायचं आपोआप येत असेल. लग्नाच्या गडबडीत माहेरच्या पत्त्यावर आलं असेल आणि कुठे तरी राहिलं असेल.

आता हे सगळं ऑनलाइन. विद्यापीठाच्या पोर्टलवर खातं उघडलं. शेवटच्या वर्षाची मूळ मार्कलिस्ट स्कॅन करून टाका, दोन्ही बाजू, असं लिहिलेलं. भावाला फोन केला. त्याने भिंतीवरच्या फ्रेमचाच फ्लॅश मारून फोटो पाठवला. त्यात माझ्या गुणांपेक्षा त्याचा बनियन जास्त स्पष्ट दिसत होता. शेवटी राखी पौर्णिमेला गेले तेव्हा फ्रेम खाली उतरवली. आण्णांची खोलायला तयारी नव्हती. "काच फुटंल. झेरॉक्सवर भागत नाही का?" बरीच मनधरणी केल्यावर स्वतःच पक्कड घेऊन बसले आणि एकेक चूक उपटून वाटीत टाकू लागले.

प्लाय निघाली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नियम छापले होते. पास होण्याचे गुण, वर्ग कसा ठरतो, फेरतपासणीची मुदत वगैरे. आणि त्यातच एक ओळ: पर्यावरण विषयाची श्रेणी प्राप्त केल्याशिवाय विद्यार्थी पदवीस पात्र ठरणार नाही. मी मार्कलिस्ट पुन्हा उलटी केली. पुढच्या बाजूला अगदी तळाशी त्या विषयासमोर एक आडवी रेघ होती. बाकीच्या सगळ्या विषयांसमोर गुण, इथे रेघ. चौदा वर्षं ती रेघ मी कागदाच्या छपाईचाच भाग समजत होते.

आण्णा म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही, एक सही राहिलीय."

आता खरं सांगायचं तर मला सगळं आठवलं. एस.वाय.ला आम्हाला सहा विषय होते: कॉर्पोरेट अकाउंटिंग, बिझनेस कम्युनिकेशन, कंपनी कायदा असे. आणि सातवा पर्यावरण, ज्याला सगळे ईव्हीएस म्हणायचे. त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, त्यावर वर्ग ठरत नाही, म्हणून कुणाला त्याची पर्वाच नव्हती. सीनियर पोरी सांगायच्या, "ईव्हीएसला कोण नापास होतं? वहीवर झाडाचं चित्र काढलं तरी पास." परीक्षा कॉलेजच घ्यायचं, मुख्य परीक्षेच्या आधी. 2007 च्या फेब्रुवारीत ज्या दिवशी ती होती, त्या दिवशी माझ्या चुलत बहिणीची हळद होती. प्रकल्प मी दिला होता, पेपरला गेले नाही. नंतर एका मैत्रिणीने सांगितलं की, राहिलेल्यांचा पेपर मॅडम पुन्हा घेणार आहेत. मी वाट बघितली. मग एस.वाय.ची मुख्य परीक्षा आली, मग सुट्ट्या, मग टी.वाय.चा फॉर्म भरला, तो स्वीकारलाही गेला. माझा विषय संपला.

पदवीचे नियम मी कधी वाचलेच नव्हते. तीन वर्षं, प्रत्येक विषयात 40 टक्के, झालं, एवढीच माझी समजूत. खरं म्हणजे पदवी ही एक यादी असते आणि त्यातली प्रत्येक ओळ वेगळी तपासली जाते. बारावीच्या आधारे मिळालेली एलिजिबिलिटी म्हणजे प्रवेशाची पात्रता, तिन्ही वर्षांचे सगळे विषय, अंतर्गत गुण, आणि श्रेणीचे हे लहानसहान विषय. अकाउंटिंगमध्ये 85 मिळाले म्हणून पर्यावरणाची रेघ भरून निघत नाही. बँकेत दोन लाखांची एफडी असली तरी बचत खात्याचं केवायसी राहिलं की खातं गोठतंच, तसंच हे. हे मला तेरा वर्षं नोकरीत कळत होतं, स्वतःच्या पदवीबाबत कळलं नाही.

ऑक्टोबरात रजा टाकून कॉलेजला गेले. गावाचं आणि कॉलेजचं नाव घेत नाही. ऑफिसात आमच्या वेळचं कुणीच नव्हतं. परीक्षा विभागात एक तरुण क्लार्क होते, त्यांनी जनरल रजिस्टर नंबर विचारला. मला तो माहीत नव्हता. वर्ष सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं. शिपाईमामांनी लोखंडी कपाटातून 2006-07 चं लेजर काढलं, फडक्याने झटकलं. पानं कडेने वाळवीने खाल्लेली, पण माझी ओळ शाबूत होती. प्रकल्प: 25 पैकी 19. लेखी: लाल शाईत ‘गै. ह.’ म्हणजे गैरहजर.

ती लाल अक्षरं बघून आधी लाज वाटली, मग राग आला. त्या लेजरात त्याच पानावर आणखी सात जणांसमोर तसंच लिहिलेलं होतं. म्हणजे आम्ही आठ जण पदवीशिवाय बाहेर पडलोय हे या कपाटाला पंधरा वर्षं माहीत होतं. टी.वाय.चा फॉर्म घेताना कुणी तरी एकदा म्हणायला हवं होतं की, बाई, तुमचा हा विषय राहिलाय. मी तसं म्हटलं. क्लार्क म्हणाले, "तेव्हा नोटीस बोर्डावर लावलं असेल." असेलही. बोर्ड पोरांच्या होस्टेलकडच्या जिन्यात होता, हेही मला आठवतंय.

त्या सात जणांतल्या दोघींचे नंबर माझ्याकडे होते. बाहेर येऊन आधी त्यांना फोन केले. एक शिक्षिका होणार होती, बी.एड.च्या प्रवेशालाच अडकली आणि नंतर तिने नादच सोडला. तिला वाटत होतं आपण टी.वाय.लाच कुठे तरी नापास झालोय.

माझं नशीब एवढंच की, बी.कॉम.चा आमचा जुना वार्षिक पॅटर्न कधीचा बंद झाला असला तरी पर्यावरण हा विषय बंद झालेला नव्हता. अकाउंटिंग राहिलं असतं तर समकक्ष विषय कोणता, संधी शिल्लक आहे का, विद्यापीठाची खास परवानगी, असं सगळं लांबलं असतं. प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा आहे आणि आताच्या मुलांना पदवी किती वर्षांत पुरी करायची याची मुदतही असते. तेव्हा माझं झालं म्हणून कुणी निवांत राहू नये. मला माजी विद्यार्थी म्हणून फॉर्म भरायला सांगितलं: प्राचार्यांच्या नावे अर्ज, जुन्या तिन्ही मार्कलिस्टच्या प्रती, नाव बदलल्याचा पुरावा, आणि परीक्षा फी. पोर्टलवर पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मागत होते. आमच्या वेळचा एलिजिबिलिटी नंबर त्यात बसेना. तो जुळवून घ्यायला दोन फेऱ्या आणि अगणित फोन. प्रकल्पाचे जुने 19 गुण धरता येतील का, विचारलं. नाही. लेखी आणि प्रकल्प दोन्ही नव्याने.

हा विषय सगळ्यांना सक्तीचा का, हे मी घरी येऊन शोधलं, थोडं रागातच. त्यामागे एक जुनी याचिका आहे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या नोव्हेंबरात आदेश दिला होता की, लोकांना पर्यावरणाचं भान यावं यासाठी शिक्षणात हा विषय सक्तीचा करा. त्याच आदेशात सिनेमागृहांनी खेळाआधी पर्यावरणाच्या पाट्या दाखवाव्यात असंही होतं. कॉलेजांपर्यंत तो पोचायला पुढे बारा-तेरा वर्षं लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांसाठी एकच अभ्यासक्रम केला: आठ घटक, 50 तास, त्यातले 5 तास बाहेर फिरून, आणि 75 गुण लेखी, 25 प्रत्यक्ष कामाचे. म्हणजे मी हळदीला गेले तेव्हा हा विषय नवाच होता. शिकवणाऱ्यांनाही तो कुणी तरी गळ्यात मारलेला असायचा. आम्हाला तो मराठीच्या मॅडम शिकवत होत्या.

आता जे सर होते ते भूगोलाचे, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. मला "ताई" म्हणायचे आणि सोडायचे मात्र नाहीत. मी विचारलं, "सर, माहिती काढून टाइप करून आणू का?"

"ताई, गुगलचे प्रकल्प माझ्याकडे चाळीस पडलेत. तुम्ही राहता कुठं?"

"संगमनेरला."

"मग नदीवर जा. चार रविवार. काय दिसलं ते हाताने लिहा."

प्रवरा माझ्या दोन्ही घरांची नदी. भंडारदऱ्याहून निघून अकोले गावावरून संगमनेरला येते, खाली नेवाशाजवळून जाऊन टोक्याला गोदावरीला मिळते. म्हणजे सासर वरच्या अंगाला, माहेर खालच्या. एवढ्या वर्षांत मी नदीकाठी गेले ते दशक्रियेला आणि गणपती विसर्जनाला. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मुलाला घेऊन गेले. तो सातवीत. मी वही काढली आणि काय लिहायचं तेच कळेना. नदी, पाणी, घाट. तीन शब्दांत संपलं.

मग सरांनी सांगितलं होतं तसं दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन आखला आणि त्यात काय काय पडलंय ते मोजायला लागलो. मुलाने मोजायचं, मी लिहायचं. गुटख्याच्या पुड्या 41. नारळाच्या शेंड्या 6. प्लास्टिकच्या पिशव्या, ज्यांत निर्माल्य तसंच बांधलेलं, 9. फोटोफ्रेमची काच फुटलेली, आत देवाचा फोटो, 2. चपला 3, एकीचीही जोडी नाही. एक स्टीलचा चमचा चांगला होता, तो मुलाने खिशात टाकला. मी पतसंस्थेत दिवसभर नोटा मोजते, पण मोजताना एवढं बघितलेलं मला आठवत नाही. तिसऱ्या रविवारी पाण्याकडे बघायचं ठरवलं. खंड्या मला ओळखता येत होता. काळा तो पाणकावळा, हे एका मासे धरणाऱ्या भाऊंनी सांगितलं. काठाला मातीच्या रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला असायचा. उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसायचा. त्यांनी त्याचं नाव सांगितलं वंचक. "बसला का माती, उडाला का बगळा. फसवतो म्हणून वंचक." हे वाक्य मी प्रकल्पात जसंच्या तसं लिहिलं. सरांनी त्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या, त्या बरोबरच्या की चुकीच्या, मला अजून माहीत नाही. गुण 25 पैकी 22 मिळाले.

अभ्यासाचं काही विशेष नाही. रात्री भांडी झाल्यावर तासभर. कायद्यांची वर्षं पाठ होईनात: वन्यजीव 1972, पाणी 1974, हवा 1981, पर्यावरण संरक्षण 1986. शेवटी 72-74-81-86 हा एका थकबाकीदार सभासदाचा खाते क्रमांक आहे असं मनाशी धरलं, मग विसरायची सोयच राहिली नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये पेपर. तोच महिना, फक्त सोळा वर्षांनी. पहाटेची एसटी धरली. हॉल तिकिटावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, म्हणून लग्नाचा दाखला पिशवीत. पर्यवेक्षक बाईंनी दोन्ही नावं वाचली, माझ्याकडे बघितलं, दाखला उलगडून तोही वाचला आणि "बसा" म्हणाल्या. बाकीच्या सगळ्यांना "बस" म्हणत होत्या. बाकावर शेजारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. दहा मिनिटांनी हळूच म्हणाली, "काकू, परिसंस्थेचे घटक किती?" मी पर्यवेक्षकांकडे बघितलं. मग उत्तरपत्रिका जराशी तिच्याकडे सरकवली. हे लिहायला नको होतं, पण खरं ते खरं.

मला त्रास झाला तो हाताचा. दिवसभर कीबोर्ड आणि सह्या. दोन पानांनंतर अंगठ्यापासून मनगटापर्यंत कळ यायला लागली. शेवटचा प्रश्न घनकचऱ्यावर होता. त्यात मी माझ्या चौकोनातल्या 41 पुड्या आणि 9 पिशव्या लिहून टाकल्या. विचारलं होतं घनकचऱ्याचे प्रकार, मी लिहिला हिशोब.

निकाल जूनमध्ये. श्रेणी मिळाली. मला वाटलं, संपलं. पण कॉलेजने विद्यापीठाला कळवायचं, विद्यापीठाने जुन्या नोंदीत ती श्रेणी चढवायची, मग सुधारित मार्कलिस्ट, आणि मग पदवीचा अर्ज. कॉलेजचं पत्र एका टेबलावर महिनाभर पडून होतं, कारण त्यावर जावक क्रमांक टाकायचा राहिला होता. पोर्टलवर फोटो अमुक केबीच्या आत हवा, सही तमुक केबीच्या आत. मुलगा नसता तर तिथेच हरले असते. नावाचाही प्रश्न आला. मला सासरचं नाव हवं होतं. मिळत नाही. पदवी मार्कलिस्टवरच्याच नावाने निघते, आईच्या नावासकट. नोकरीच्या ठिकाणी लग्नाचा दाखला किंवा राजपत्र जोडून जुळवून घ्यायचं.

यातली एक गोष्ट मात्र मला आधी कुणीच सांगितली नव्हती. पदवी ज्या वर्षी पुरी झाली तेच वर्ष प्रमाणपत्रावर पडतं. माझे अठरा विषय 2008 ला झालेले, एकोणिसावा 2023 ला. म्हणून मी कागदोपत्री 2023 ची पदवीधर. आमच्या संस्थेच्या सेवानियमांत ‘पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव’ असं वाक्य आहे. माझा अनुभव चौदा वर्षांचा, पण पदवीनंतरचा शून्य. शाखाधिकारी दुसरेच झाले. चांगले आहेत, माझ्याकडूनच काम शिकलेत. संचालक मंडळाने माझं प्रकरण ‘विशेष बाब’ म्हणून ठेवलंय, ते पुढच्या सभेत येईल असं प्रत्येक सभेनंतर सांगतात.

माझी पुतणी 2024 ला बी.कॉम.ला गेली, नव्या शैक्षणिक धोरणातली पहिली बॅच. तिची यादी बघून मला गरगरलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, पुढे ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट. सत्राला 22 श्रेयांक म्हणजे क्रेडिट, तीन वर्षांचे 132, चौथं वर्ष केलं तर 176. एका वर्षावर सोडलं तर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा. श्रेयांक मुलीच्या नावावर श्रेयांक बँकेत जमा होतात. बँक म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, निदान पासबुक तरी बघता येईल. पर्यावरण आता त्यात दोन श्रेयांकांचा मूल्यशिक्षणाचा म्हणजे व्हीईसीचा विषय आहे, आणि पुतणीने पहिल्याच महिन्यात मला सांगितलं, "काकू, व्हीईसीला कुणी बसत नाही गं, सगळे पास होतात." मी तिला माझी मार्कलिस्ट दाखवली. ती त्या रेघेकडे बघत म्हणाली, "ही डिझाइन आहे ना?"

पदवी 2024 च्या समारंभानंतर पोस्टाने आली. जाड कागद, विद्यापीठाची मुद्रा, कुलगुरूंची सही. दिवाळीत माहेरी नेली. ओसरीतल्या भिंतीवर फ्रेमचा चौकोन अजून तसाच होता, रंग उडालेल्या भिंतीत तेवढा भाग ताजा. जुन्या चुका वाटीतून काढून आण्णांनी एका डबीत ठेवल्या होत्या. ते आता पंचाहत्तरीला आले आहेत. हात पुसून त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावला, आणि वाचायच्या आधी उलटा करून बघितला.

मागे कोरं होतं.